करवतीची किंमत

लाकडाचे काम आपल्या हातांनी करावे ही हौस आम्हांस उतारवयात जडली, आणि उतारवयात जडणाऱ्या बहुतेक हौशींप्रमाणे तिने पहिल्याप्रथम खिशालाच हात घातला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली आपली शिक्षणसंस्था ज्या साताऱ्यास आणली, आणि जेथे पोरांनी श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा असा पायंडा त्यांनी पाडला, त्या गावी सारा जन्म काढूनही आमच्या हातांनी खडू आणि लेखणी यांपलीकडे जड असे काही उचलले नव्हते. ती उणीव भरून काढावी म्हणून घरामागील पडवी झाडून घेतली. रंधा, दोन पटाश्या, गुण्या, हातकरवत असे सामान हळूहळू जमविले. एक पाट केला, एक तिपाई केली. तिपाई डुलते, परंतु ती आमची आहे. मात्र सागाची सहा फुटी फळी उभी चिरावयाची वेळ आली तेव्हा हौस आणि खांदा यांचे जमेना. अर्ध्या फळीवरच दम लागे, आणि उरलेल्या अर्ध्या फळीत करवत रेघ सोडून आपल्या मनाप्रमाणे जाई. तेव्हा एक यंत्र घ्यावे, ज्यास दुकानदार 'टेबल सॉ' म्हणतात आणि आमच्याकडचे सुतार नुसते 'कटर' म्हणतात, असा विचार घरात निघाला. घरातून एकच अट पडली : परवडेल असे घ्या.

अट साधी दिसते. परंतु मराठीत 'स्वस्त' आणि 'परवडणारे' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते बरोबर नाही, हे ह्या खरेदीच्या निमित्ताने आमच्या ध्यानात आले. वस्तू नुसती स्वस्त असू शकते. तिच्या अंगावर किमतीची चिठ्ठी लावली की झाले. परवडणे ह्या क्रियापदास मात्र माणूस लागतो. 'परवडते' म्हटले की कोणास, हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि त्याचे उत्तर देणारा बहुधा पैसे मोजणारा असतो. यंत्रापुढे उभा राहणारा आणि पैसे मोजणारा हे एकच असतील तर प्रश्न तेथेच मिटतो. ते निराळे असतील तर काय, हे पाहावयाचे आहे.

प्रथम यंत्राची गोष्ट. एका पोलादी मेजाच्या फटीतून गोल पात्याचा काही भाग वर डोकावत असतो. लाकूड मेजावर ठेवून बाजूच्या पट्टीला धरून पुढे सरकवावयाचे, पाते ते चिरीत जाते. दहा इंची पाते मिनिटास सुमारे ४००० फेरे घेते. हिशेब मांडला तर त्याचा प्रत्येक दात सेकंदास सुमारे ५३ मीटर धावतो. म्हणजे ताशी १९० किलोमीटर. ह्या वेगापुढे माणसाच्या हाताला मागे येण्याची सवडच नसते. तरीही खरा धोका बोट पात्यावर पडण्याचा आहे असे जे आपणांस वाटते ते अपुरे आहे. लाकडात जन्मतः एक पीळ असतो. फळी चिरली जाऊ लागली की तो सुटतो, आणि चिरलेली दोन अंगे कधी फाकतात, तर कधी परत जवळ येऊन पात्याचा मागचा भाग दाबून धरतात. मागचे दात खालून वर उसळत असतात आणि माथ्यावरून चालकाकडे येत असतात. त्यांच्या तावडीत फळी सापडली की ती उचलून माणसाच्या अंगावर फेकली जाते. फळीवर टेकलेला हात आधार सुटल्यामुळे कोठे जाईल हे त्या हाताच्या धन्यासही सांगता येत नाही. यास उपाय अगदी लहान आहे. पात्याच्या पाठीमागे, त्याच्याशी एका रेषेत, एक पोलादी पट्टी उभी ठेवावयाची. चिरलेली फट ती मिटू देत नाही. पात्यावर एक पारदर्शक झाकण, हाताऐवजी पुढे जाणारी एक खाचेची काठी, आणि गुडघ्याने दाबूनही बंद होईल असा मोठा खटका. एवढे सामान असले म्हणजे यंत्र निर्धोक होते असे नाही. पण ते माणसाच्या चुकीला थोडी क्षमा करावयास शिकते.

बाजारात ह्या क्षमेचे दर आहेत. चार-सहा हजारांत हाती धरावयाचे गोल पात्याचे यंत्र मिळते. ते प्लायवुडच्या तक्त्याखाली उलटे आवळून, तक्त्याला फट पाडून, खटका सुतळीने कायमचा दाबून बांधला की झाला 'टेबल सॉ'. सुरू करावयाचा तर भिंतीवरचे बटण, बंद करावयाचा तरी तेच. पाठची पट्टी नाही, झाकण नाही. त्याच्या वरच्या पायरीवर तीस-चाळीस हजारांची यंत्रे आहेत, ज्यांच्या खोक्यात वर सांगितलेले सारे सामान येते. आणि सर्वांत वर एक नवलाचे यंत्र आहे. स्टीव्ह गॅस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, जो भौतिकशास्त्र शिकलेला असून पेटंटांची वकिली करीत असे, १९९९ साली अशी युक्ती काढली की पात्यातून विजेचा सौम्य संकेत खेळता ठेवावा. बोट लागताच तो संकेत बदलतो आणि एक ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसून एका सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्यात ते थांबवितो. बोटावर ओरखडा उठतो, बोट राहते. हे दाखविण्यासाठी त्याने आधी मांसाची कांडी आणि शेवटी स्वतःचे बोट पुढे केले. २००४ च्या सुमारास ही यंत्रे विक्रीस आली. किंमत अर्थातच साध्या यंत्राच्या कित्येक पट. ते आमच्या आटोक्यातले नव्हते, हे सांगून मोकळे होतो.

उरल्या दोन पायऱ्या. खालच्या पायरीशी आमची ओळख जुनी होती. वर्षापूर्वी घरात कपाटांचे काम काढले होते तेव्हा आलेल्या मिस्त्रींनी असाच एक उलटा टांगलेला कटर आमच्या गच्चीवर मांडला होता. म्हणून ह्या खेपेस त्यांनाच बोलावले आणि म्हटले, मिस्त्री, तसलाच एक आम्हांस करून द्या, आणि चालवावयाचे शिकवा. ते आपला कटर घेऊन आले, तक्ता मांडला, बटण दाबले. त्या आवाजापुढे, उघड्या पात्यासमोर, हातात फळी धरून उभे राहिलो आणि आमचे पाय मागे आले. हे आमच्याने होणार नाही, असे आम्ही सरळ सांगितले. मिस्त्री हसले. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी एका पेराने तोकडी आहे. पूर्वी एकदा आमच्या नातवाने त्यांना त्याविषयी विचारले होते, तेव्हा "कटरनं खाल्लं, दुसरं काय," इतकेच ते म्हणाले होते, आणि पोराला चॉकलेटचा कागद दुमडून बेडूक करून दिला होता.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, ती भीतीमुळे नव्हे. ज्या यंत्रापुढे आम्ही एक मिनिट उभे राहू शकलो नाही, तेच यंत्र आमच्याच गच्चीवर, आमच्याच कपाटांसाठी, सतरा दिवस चालले होते. आम्ही खाली बसून वर्तमानपत्र वाचीत होतो. तक्रार केली ती भुशाची. शिवाय काम अंगावर देताना घासाघीस करून दोन हजार रुपये कमी करविले होते आणि त्याचे कौतुक चार ठिकाणी सांगितले होते. ते दोन हजार कोठून कमी झाले? लाकूड आमचे, प्लायवुड आमचे, खिळे-बिजागऱ्या आमच्या. कमी होण्यासारखे मिस्त्रींपाशी दोनच पदार्थ होते, त्यांचा वेळ आणि त्यांची सावधगिरी. आणि वेळ वाचवावयाचा तर तोही सावधगिरीतूनच वाचवावा लागतो. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्याने निदान समोर उभे राहून तो मागितला होता. आम्ही तेवढेही केले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, हा फाजील हळवेपणा झाला. सुतार अडाणी नाही, पोर नाही. धोका तो जाणतो आणि आपखुशीने पत्करतो. झाकण काढून ठेवणारा तोच असतो. हा आक्षेप पोकळ नाही. मिस्त्रींना विचारता त्यांनी जी कारणे सांगितली ती खरी होती : झाकण असले की आखलेली रेघ दिसत नाही, फळीत नुसती खाच पाडावयाची असेल तर झाकण आडवे येते, बारीक पट्टी काढताना काठीला जागा उरत नाही. ज्याने वीस वर्षे लाकूड कापले त्याला पडवीतल्या हौशी माणसाने शहाणपण शिकवावे यासारखे हास्यास्पद दुसरे नाही. परंतु 'आपखुशी' हा शब्द आम्हांस खटकतो. उघड्या पात्यापुढून आम्ही मागे फिरलो आणि त्या रात्री नेहमीप्रमाणे जेवलो. मिस्त्री मागे फिरले असते तर? ज्या नकाराची एकाला काही किंमत पडत नाही आणि दुसऱ्याला त्या दिवसाचा रोज पडतो, तो नकार दोघांपाशी सारखाच आहे असे म्हणता येईल काय? आमच्या मते धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य त्यालाच खरे आहे ज्याला तो नाकारणे परवडते. आणि हे परवडणे यंत्राच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

ग्रीक लेखक स्ट्रॅबो याने मौर्यकालीन हिंदुस्थानाविषयी मेगॅस्थेनिसच्या आधारे जे लिहून ठेविले त्यात असे आहे की कारागिराचा हात किंवा डोळा ज्याच्यामुळे जाईल त्यास देहान्त शिक्षा होई. कायदा भयंकर खरा. पण कारागिराचा हात ही केवळ त्याची मालमत्ता नसून राज्याची ठेव आहे असे काही तरी त्यामागे असावे. आपल्या काळात शिक्षेच्या जागी कोष्टक आले. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात पुढे बोटांची मोजदाद पेरापेराने झाली होती : अंगठा सबंध गेला तर कमावण्याची शक्ती शेकडा ३० ने घटली असे धरावे, तर्जनी सबंध गेली तर १४ ने, तिची दोन पेरे गेली तर ११, एक गेले तर ९. कोष्टक निर्दय नाही. उलट ज्याला काहीच मिळत नव्हते त्याला काही तरी मिळावे म्हणून ते घडविलेले आहे. तथापि गच्चीवर अंगावर काम घेणारा सुतार आपले नऊ टक्के मागावयास कोणाच्या दारी गेल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. तो ते पेर रुमालात बांधतो आणि आठ दिवसांनी दुसऱ्या गच्चीवर कामाला लागतो.

असो. यंत्र घ्यावयाचे ते पाहून घ्यावे म्हणून एके दिवशी सकाळच्या गाडीने सांगलीस निघालो. सातारा ते सांगली हा लोहमार्ग म्हणजे महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाची एक लहानशी बखर आहे, हे तिकिटात वेगळे पैसे न घेता कळते. कऱ्हाडचे स्टेशन लागते ते ओगलेवाडीस, जेथे ओगले बंधूंचा काचकारखाना होता आणि जेथील 'प्रभाकर' कंदील एके काळी घरोघर लागत असे. पुढे ताकारीनंतर किर्लोस्करवाडी. हा सारा टापू स्वातंत्र्यानंतर काही वर्षे 'दक्षिण सातारा' म्हणून ओळखला जाई. १९४९ साली झालेल्या त्या जिल्ह्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. त्याही पूर्वी किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेला बत्तीस एकर माळ दिला, आणि १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. तो समज हळूहळू गेला, नांगर खपले, आणि हे नांगर विकण्याच्या कामी भाऊराव पाटीलही काही काळ गावोगाव हिंडले.

परंतु गाडी किर्लोस्करवाडीस थांबली तेव्हा आम्हांस आठवला तो नांगर नव्हे, चरखा. १९२९ च्या जुलैत अखिल भारतीय चरखा संघाने, गांधीजींच्या प्रेरणेने, सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांवर असता कामा नये, ही एक अट होतीच. गरिबाच्या झोपडीत जावयाचे यंत्र स्वस्त हवे यात संशय नव्हता. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे, यंत्र वीस वर्षे टिकले पाहिजे, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होता कामा नये. आणि ह्या हिशेबी अटींच्या ओळीतच आणखी एक होती : बाईमाणसाला ते फार श्रम न पडता सलग आठ तास चालविता आले पाहिजे. किर्लोस्करांच्या कारखान्यातही असा एक चरखा घडविण्यात आला, त्याची तपासणी झाली, आणि सर्व अटी तो पुऱ्या करू शकला नाही म्हणून बक्षीस मिळाले नाही. बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच मिळाले नाही.

ही हकीकत बहुधा गांधीजींच्या यंत्रविषयक मतांच्या वादात सांगितली जाते. आमचे लक्ष तिकडे नाही. यंत्राच्या किमतीची अट आणि चालविणाऱ्या बाईच्या खांद्याची अट एकाच कागदावर, एकाच मोलाने लिहिली होती, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. दीडशे रुपयांचा चरखा जर बाईची पाठ मोडीत असेल तर तो दीडशेचा नव्हे, असा त्या कागदाचा अर्थ होतो. आज आपण यंत्र निवडतो तेव्हा किमतीचा रकाना पहिला वाचतो, मग शक्तीचा, मग पात्याच्या मापाचा. चालविणाऱ्याच्या शरीराचा रकानाच नसतो. तो असता तर उलटा टांगलेला कटर किती रुपयांना पडतो ते दिसले असते.

सांगलीच्या दुकानात तरुण विक्रेत्याने मधल्या पायरीचे एक यंत्र खोक्यातून काढून मोठ्या आस्थेने मांडून दाखविले. पाठची पट्टी, झाकण आणि काठी मात्र त्याने खोक्यातच राहू दिली. विचारले तेव्हा म्हणाला, "ते कोणी लावत नाही, काका. पहिल्या दिवशीच काढून ठेवतात." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती; तो आपला अनुभव सांगत होता. आम्ही आग्रहाने ते सामान लावून घेतले. पट्टी बसवावयास त्याला अर्धा तास लागला, कारण त्यानेही ती पूर्वी कधी बसविली नव्हती.

परदेशात हाच वाद मोठ्या प्रमाणावर झडला आहे. अमेरिकेत अशा मेजावरच्या करवतींनी वर्षास सुमारे तीस हजार माणसांना जखमा होतात असा तेथील सरकारी खात्याचा अंदाज होता. तेव्हा पाते थांबविणारी युक्ती सर्व यंत्रांना सक्तीची करावी काय, हा प्रश्न तेथे अनेक वर्षे गाजला. कारखानदार म्हणत, मग स्वस्त यंत्र राहणारच नाही आणि गरीब कारागीर मुकेल. २०१० साली बॉस्टनच्या न्यायालयात एका कामगाराचा दावा चालला. दोनशे डॉलरांच्याही आतल्या यंत्रावर त्याचा हात जायबंदी झाला होता. दोषाचा काही वाटा त्याच्याकडेही आहे असे ज्यूरीने म्हटले, तरी पंधरा लक्ष डॉलर द्यावयास लावले. दोनशे डॉलरांच्या वस्तूची खरी किंमत कोणी तरी शेवटी बेरीज करून दाखविली, असे हा निकाल ऐकून वाटते. पण कारखानदारांचे म्हणणेही सर्वस्वी खोटे नाही. सक्तीने मधली पायरी महाग केली तर आमचे मिस्त्री वरच्या पायरीवर चढणार नाहीत, ते प्लायवुडच्या तक्त्यालाच चिकटून राहतील. म्हणून हा प्रश्न कायद्याने सुटेल असे आम्हांस वाटत नाही, आणि कायद्यावाचून सुटेल असेही वाटत नाही. काम देणाऱ्याने दर ठरविताना यंत्राकडे एकदा पाहावे, एवढे मात्र कोणत्याही कायद्याची वाट न पाहता करता येते.

सांगलीहून परतण्यापूर्वी मिरजेस उतरलो, कारण तेथील तंबोरे-सतारींचे कारागीर पाहिल्यावाचून लाकडाच्या गोष्टी पुऱ्या होत नाहीत. हे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, त्यांनी भोपळा आणि तुणीचे लाकूड हाती घेतले. भोपळे पंढरपूर-सोलापूरकडून येतात. कापणे, तासणे, कोरणे बहुतेक हातांनीच होते. घटकाभर बसून पाहिले आणि मनात आले की यंत्राचा सोस सोडून हातकरवतीकडे परत जावे, हेच खरे. परंतु कारागिराच्या पाठीला विचारल्यावाचून हातकामाचे गोडवे गाऊ नयेत, हे आम्हांस आता कळू लागले आहे. एका वृद्ध कारागिरास विचारलेही. ते म्हणाले, मान आणि कंबर कधीच गेली, आता नुसता कान उरला आहे. त्यांनी तार छेडली, ऐकली, आणि पुन्हा कामाला वाकले. यंत्राविण जग निर्धोक असते हा पांढरपेशांचा समज आहे. पूर्वी खड्ड्यात उतरून वरची करवत ओढणाऱ्या करवत्यांच्या डोळ्यांत जो भुसा जाई त्याची नोंद कोणी ठेवली नाही इतकेच.

शेवटी मधल्या पायरीचे यंत्र घेतले. पाच घरांनी मिळून एक घ्यावे अशीही सूचना एका स्नेह्यांनी केली होती, आणि हिशेबाने ती उत्तम होती. परंतु पाच घरांच्या यंत्राचे झाकण सहाव्या महिन्यात कोणत्या घरी असेल हे सांगता येईना, म्हणून ती राहिली. यंत्रासाठी बँकेतून जे पैसे काढावे लागले त्यांत कपाटांवर वाचविलेले ते दोन हजारही गेले, असे घरात सांगितले. ते कोणास फारसे विनोदी वाटले नाही.

गेल्या महिन्यात मिस्त्रींना आमच्या शेजारी स्वयंपाकघराचे काम मिळाले. आम्ही म्हटले, फळ्या चिरावयास आमच्याकडे या, यंत्र रिकामेच असते. ते आले. यंत्राभोवती एक फेरी मारली, पाते हाताने फिरवून पाहिले, पाठच्या पट्टीवर टिचकी मारली. पहिली फळी झाकणासकट चिरली. दुसऱ्या फळीत खाच पाडावयाची होती. त्यांनी सहजपणे झाकण काढून खिळ्याला टांगले. "मिस्त्री, झाकण," असे आमच्या तोंडून निघून गेले.

ते थांबले. बटण बंद करून पाते थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग म्हणाले, "साहेब, मागल्या साली तुमची कपाटं केली, तवा कुठं हुतं हे झाकण?"

रागाने म्हटले नव्हते. खाच पाडून झाल्यावर त्यांनी झाकण खिळ्यावरून काढले, पुन्हा पात्यावर बसविले, आणि तिसरी, लांब फळी उचलली. आम्ही तिचे दुसरे टोक धरावयास पुढे झालो.